वाचनवही: शाळेच्या धबडग्यात वाचलेलं हाती कसं ठेवायचं

वाचून झालेलं पुस्तक दोन महिन्यांनी आठवायला बसलं, की बहुतेकदा तीनच गोष्टी हाती लागतात: मुखपृष्ठ, शेवट आणि 'आवडलं होतं' एवढी पुसट खूण. मधली दोनशे पानं कुठे गेली ते सांगता येत नाही. शाळेच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत हे जास्त जाणवतं, कारण तेव्हा अभ्यासाची पुस्तकं, आवडीची पुस्तकं, चाचण्या, मैत्री, भांडणं आणि पुढे काय करायचं हा प्रश्न असं सगळं एकाच दिवसात कोंबलेलं असतं. वाचनवही ही त्यासाठीची सोय आहे. मात्र बहुतेक वाचनवह्या पंधरा दिवसांत बंद पडतात. कारण त्या सारांशाच्या वह्या असतात, आणि सारांश लिहिणं म्हणजे आणखी एक गृहपाठ.

म्हणून एक गोष्ट आधी पक्की करा. या वहीत पुस्तक काय म्हणतं ते लिहायचं नाही. पुस्तक वाचताना तुम्ही कुठे थांबलात ते लिहायचं. सारांश कुठेही मिळतो. एखाद्या मंगळवारी पान ६३ वर तुम्ही का अडखळलात, हे तुमच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, आणि महिन्याभराने तुम्हालाही येणार नाही.

वही कशी असावी

ए-५ मापाची (१४८ × २१० मिमी), एकेरी रेघांची, शिवलेल्या बांधणीची साधारण दोनशे पानी वही घ्या. ए-४ वही बाकावर उघड्या पुस्तकाशेजारी मावत नाही. खिशात मावणारी डायरी चार ओळींत संपते आणि विचार मध्येच तुटतो. स्पायरलची वही टाळा, कारण तिची पानं फाडणं फार सोपं असतं. पहिल्या महिन्यातल्या नोंदी वाचून संकोच वाटतो आणि नेमकी तीच पानं फाडली जातात. वर्षाने तुलना करायला तीच हवी असतात. पातळ कागदावर जेल पेनची शाई मागे उमटते, तेव्हा कागद ७० जीएसएमपेक्षा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हलका असेल तर साधं बॉलपेन वापरा.

वही आणली की तीन कामं लगेच करा, नाहीतर ती कधीच होत नाहीत. पहिली चार पानं सूचीसाठी कोरी सोडा. शेवटची सहा पानं 'उघडे प्रश्न' म्हणून राखून ठेवा. आणि उरलेल्या पानांना हाताने क्रमांक घाला. सगळे एका बैठकीत नको असतील तर निदान पहिले चाळीस. प्रत्येक पानावर डावीकडे तीन सेंटिमीटरची पट्टी आखून रिकामी ठेवा. वर्गातल्या टिपणांसाठी अशी पट्टी सोडायची पद्धत कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. तिथे त्या पट्टीत कळीचे शब्द आणि प्रश्न येतात. इथे ती जागा पुढच्या काळातल्या तुमच्यासाठी आहे. कशी ते पुढे येईल.

सजावटीत पडू नका. रंगीत शीर्षकं आणि चिकटचित्रं वाईट नाहीत, पण सुंदर पान खराब होईल या भीतीने खरी, कच्ची नोंद लिहायची राहून जाते.

वेळेचा हिशेब

'वेळच मिळत नाही' म्हणण्याआधी स्वतःचा वेग मोजा. एरवी जिथे वाचता तिथेच बसा, दहा मिनिटांचा गजर लावा, नेहमीसारखं वाचा आणि पानं मोजा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि मधला आकडा धरा. समजा दहा मिनिटांत सात पानं होतात. तर २४० पानांच्या पुस्तकाला साधारण ३४३ मिनिटं लागतील. रोज वीस मिनिटं वाचलं तर अठरा दिवस. पुस्तक चौदा दिवसांच्या बोलीवर वाचनालयातून आणलं असेल तर ते पुरणार नाहीत. रोज पंचवीस मिनिटं वाचा, किंवा मुदत वाढवून घ्यायची तारीख आणल्याच दिवशी लिहून ठेवा. दंडाच्या धास्तीने शेवटची ऐंशी पानं एका रात्रीत उरकली, की नोंद हमखास 'शेवट चांगला आहे' एवढीच होते.

वीस मिनिटं एकसलग हवीत असं नाही. पण पाच मिनिटांचे चार तुकडे आणि वीस मिनिटांची एक बैठक यांत फरक आहे. कथेत शिरायलाच दोन-तीन मिनिटं जातात, आणि तुकड्यांत तीच पुन्हा पुन्हा खर्च होतात. मधल्या सुट्टीतली सात मिनिटं कविता, छोटे लेख, वर्तमानपत्रातलं एखादं सदर यांना द्या. कादंबरीसाठी दिवसातली एकच ठरलेली जागा शोधा: झोपण्याआधी, प्रवासात, किंवा शाळा सुटल्यावर गृहपाठाला हात घालण्यापूर्वी. वाचताना फोन उलटा ठेवून भागत नाही. तो दुसऱ्या खोलीत हवा.

नोंद कशी करायची

वाचताना वही उघडी ठेवू नका. दर परिच्छेदाला लिहायला थांबलं की वाचनाची लय मोडते आणि नोंदीही फुटकळ होतात. त्याऐवजी पुस्तकात कागदाची एक अरुंद पट्टी ठेवा. तीच खूण आणि तीच टिपणाची चिठ्ठी. कुठे अडखळलात, हसलात, चिडलात, मागचं पान पुन्हा उलटून पाहिलंत, तर पट्टीवर फक्त पानाचा क्रमांक आणि एक शब्द लिहा: '६३ पत्र'. एका बैठकीत तीन-चार खुणा पुष्कळ झाल्या. दहा झाल्या तर तुम्ही वाचत नसून खुणा शोधत आहात. पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिलीनेही खूण नको. तुमची अधोरेखा पुढच्या वाचकाला 'इथे थांब' म्हणून सांगते, आणि कुठे थांबायचं ते त्याचं त्याने ठरवायचं असतं.

वाचून झालं की पुस्तक मिटा. ही पायरी गाळू नका, सगळी मेख इथेच आहे. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की हात आपोआप वाक्यं उतरवतो. मिटून लिहिलं की डोक्याला ती शोधून आणावी लागतात, आणि शोधून आणलेलं टिकतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी दिलेला उतारा पुन्हा वाचला. इतरांनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत मात्र लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचल्यावर 'सगळं येतंय' असं का वाटतं आणि पुढच्या आठवड्यात काहीच का उरत नाही, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

नोंदीला दहा मिनिटं आणि जास्तीत जास्त अर्धं पान. वरच्या ओळीत तारीख, पुस्तकाचं नाव, कुठपासून कुठपर्यंत वाचलं ती पानं. खाली, पुस्तकातल्या कागदी पट्टीवरची एकच खूण निवडा, सगळ्या नको. तिच्याबद्दल तीन गोष्टी लिहा: तिथे काय घडतं (एक वाक्य), तुम्ही का थांबलात (दोन-तीन वाक्यं), आणि तिथून कोणता प्रश्न उरतो (एक). नंतर पुस्तक उघडून पानाचा क्रमांक आणि एखादं वाक्य उतरवलं असेल तर ते शब्दशः बरोबर आहे का, हे पडताळा. स्वतःचे शब्द आणि लेखकाचे शब्द वेगळे राहिलेच पाहिजेत. अवतरणचिन्ह एकदा राहून गेलं, की सहा महिन्यांनी ते वाक्य तुम्हाला प्रामाणिकपणे स्वतःचं वाटतं.

फरक कळावा म्हणून एकाच बैठकीच्या दोन नोंदी बघा.

'आज पाने ४० ते ७८ वाचली. कथा खूप रंगतदार आहे. लेखकाने भावना सुंदर मांडल्या आहेत. प्रत्येकाने वाचावे असे पुस्तक.'

'पृ. ६३. धाकटा ते पत्र फाडत नाही, घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवतो. एवढा अपमान झाल्यावर माझ्याकडून ते फाडलं गेलं असतं. त्याला राग आलाच नाही, की पुन्हा वाचायचंय? पत्र पुढे परत येतं का बघायचं.'

पहिली नोंद कुठल्याही पुस्तकाला चिकटेल. तिच्यात एकही खोटं वाक्य नसेल, पण ती लिहिताना पुस्तक आठवावं लागलेलं नाही. दुसरीत एक वस्तू आहे, एक कृती आहे, लिहिणाऱ्याचा स्वभाव आहे आणि पुढच्या वाचनासाठी एक काम आहे. पान १२० वर ते पत्र खरोखर पुन्हा आलं, तर वाचणारा नुसता कथेच्या मागे चाललेला नसेल, वाट बघत असेल. 'सुंदर', 'रंगतदार', 'विचार करायला लावणारं' हे शब्द पहिल्या महिन्यात वहीत आणूच नका. ते वाईट शब्द नाहीत. ते पुढचा विचार थांबवतात.

पुस्तक कंटाळवाणं वाटलं तरी नोंद करा, आणि कंटाळा नेमका कुठे आला ते लिहा. वाक्यं लांब होती? माणसांची नावं एकमेकांत मिसळली? की आपण दमलेलो होतो? पुस्तक अर्धवट सोडायला काहीच हरकत नाही, पण सोडलं ते पान आणि कारण टिपा. दोन वर्षांनी तेच पुस्तक उचलाल तेव्हा अडथळा पुस्तकात होता की वयात, ते कळेल.

शाळेचा दिवस त्याच वहीत

वाचन आणि शाळा यांच्या दोन वेगळ्या वह्या करायचा मोह होतो. करू नका. वाचताना आपण कुठे थांबतो, ते बरेचदा त्या दिवशी काय घडलं यावर ठरतं. वर्गात सगळ्यांसमोर उत्तर चुकलेल्या दिवशी कादंबरीतला अपमान वेगळा वाचला जातो. म्हणून पुस्तकाच्या नोंदीखाली एक रेघ मारून शाळेच्या दिवसाला तीन ते पाच ओळी द्या. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे.

इथेही नियम तोच, जागा लिहायची. 'आजचा दिवस कंटाळवाणा गेला' यातून काही उरत नाही. 'चौथ्या तासाला बाईंनी प्रश्न विचारला, उत्तर येत होतं, तरी हात वर केला नाही; शेजारच्याने तेच उत्तर दिल्यावर त्याचा राग आला' ही नोंद आहे. तिच्यात स्वतःला दोष देणं नाही आणि शाबासकीही नाही, घडलं तेवढंच आहे. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी हात वर न करण्याची कारणं रोज बदलतात, आणि ती सलग टिपलेली असली की त्यांत एक सूत्र दिसायला लागतं.

पुस्तक आणि शाळा ओढूनताणून जोडू नका. नायक युद्धावर गेला आणि तुमची सहामाही आली, हे साम्य नव्हे. जोड असेल तर ती आपोआप लिहिली जाते. नसेल तर मधली रेघ तशीच राहू द्या.

वही कधी ना कधी दुसऱ्याच्या हाती पडते हे धरून चाला. वर्गातल्या मुलांची नावं किंवा आद्याक्षरं लिहू नका. 'खिडकीकडे बसणारी', 'नवीन आलेला' एवढं तुम्हाला पुरतं. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट वहीत उतरवायचा हक्क आपल्याला नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: कुणी सतत त्रास देत असेल, शाळेत जायची भीती वाटत असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर ते वहीत लिहून तिथेच ठेवू नका. घरातल्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. लिहिल्याने मन हलकं होतं, पण वही उठून मदत आणू शकत नाही.

अभ्यासाची पुस्तकं

त्यांच्या नोंदी याच वहीत चालतील, पण फक्त खऱ्या अडखळण्याच्या. व्याख्या आणि सूत्रं त्या त्या विषयाच्या वहीत. उदाहरणार्थ, पाणी उकळायला लागल्यावर खालून उष्णता देत राहिलं तरी तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, असा धडा वाचला. 'अप्रकट उष्मा' हा शब्द पाठ करून गुण मिळतील. पण 'मग ती उष्णता गेली कुठे?' हा प्रश्न वहीत आला, की पाण्याचे कण एकमेकांपासून सुटायला ती खर्च होते हे उत्तर मिळाल्यावर ते सहसा विसरलं जात नाही. इतिहासाच्या धड्यात 'हा निर्णय घेताना त्यांना काय माहीत नव्हतं?' असं विचारून बघा. भाषेच्या पाठ्यपुस्तकातला उतारा आवडला तर तो मूळ कोणत्या पुस्तकातून घेतलाय ते टिपून ठेवा. पुढचं वाचन तिथूनच सापडतं.

मागे वळून वाचणं

नुसती लिहून मिटलेली वही फारशी उपयोगाची नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, कथा नव्हेत. अर्थ असलेलं जास्त टिकतं, पण घसरण तिथेही आहेच. म्हणून प्रत्येक नोंदीकडे तीनदा परत जा: आठवड्याने, महिन्याने आणि सत्र संपल्यावर.

परत जाताना डावीकडची पट्टी वापरा, वेगळ्या रंगाचं पेन घ्या आणि तारीख घाला. आधी पुस्तकाचं नाव आणि पानाचा क्रमांक एवढंच बघून नोंद आठवून पाहा, मग ती वाचा. पट्टीत लिहायचं ते असं: प्रश्नाचं उत्तर मिळालं का, मत बदललं का, ही नोंद आणखी कुठल्या नोंदीशी बोलते (तिचा पान क्रमांक). जुनं खोडू नका. 'हे चुकलं होतं' असं शेजारी लिहा आणि चूक तशीच ठेवा. सहा महिन्यांनी मुख्य मजकुरापेक्षा ही पट्टी जास्त वाचनीय झालेली असते. एकाच पानावर तीन वेगवेगळ्या वयांतले तुम्ही दिसता.

सुटला नाही तो प्रश्न शेवटच्या सहा पानांवर न्या, मूळ नोंदीच्या पान क्रमांकासकट.

सूची महिन्यातून एकदा भरा. पुस्तकांची नावं नकोत, विषय हवेत: भीती, खोटं बोलणं, वडील, एकटेपणा, पाऊस. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी आपल्या टिपणवह्यांसाठी दोन पानांत मावणारी सूची तयार केली होती आणि १६८६ मध्ये ती फ्रेंच भाषेतल्या एका नियतकालिकात छापली. विषयाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून ते पानाचा क्रमांक कुठे लिहायचा ते ठरवत. आपल्याकडे तर पहिलं अक्षरच बहुधा व्यंजन आणि स्वर सोबत घेऊन येतं, 'भीती' म्हटलं की 'भी' हाताशी असतो. पण दोनशे पानांच्या वहीला एवढी बारकाई लागत नाही. वर्णानुक्रमे नुसती आद्याक्षरं लिहा आणि प्रत्येकापुढे दोन ओळी मोकळ्या सोडा. सूचीत एखादा विषय पाच-सहा वेळा आला, की वर्षभर डोक्यात काय घोळत होतं ते विचारायला दुसरीकडे जावं लागत नाही.

नोंदींतून लेख

शाळेच्या अंकासाठी किंवा भाषेच्या प्रकल्पासाठी 'माझे वाचन' असा विषय आला, की 'ग्रंथ हेच गुरू' पासून सुरुवात होते आणि तिसऱ्या ओळीला वाचणारा निघून जातो. तुमच्याकडे वही आहे, तेव्हा सुरुवात तिथून करा. सूचीतला सर्वांत जास्त वेळा आलेला विषय घ्या आणि त्याच्या सगळ्या नोंदी ओळीने वाचा. त्यांतल्या एकमेकींशी न पटणाऱ्या दोन निवडा. नोव्हेंबरात 'धाकट्याने पत्र फाडायला हवं होतं' असं वाटलं आणि मार्चमध्ये 'बरं झालं फाडलं नाही' असं वाटलं, तर मधल्या चार महिन्यांत काय बदललं, हाच लेख.

चारशे शब्दांच्या लेखाला दोनच पुस्तकं पुरतात. पहिला परिच्छेद पानावरच्या त्या जागेचा, कुठलीही प्रस्तावना न करता. मग तेव्हाचं मत, वहीतल्या शब्दांत. मग शाळेतली किंवा वाचनातली ती गोष्ट, जिने ते हललं. कथानक सांगायला साठ शब्दांपेक्षा जास्त देऊ नका. पुस्तकातलं अवतरण एकच आणि पानाच्या क्रमांकासह. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. बोलताना जे वाक्य तुम्ही कधीच म्हणणार नाही, ते दुसऱ्या कुणाकडून तरी आलेलं असतं; ते काढा.

खंड पडला तर

परीक्षेच्या काळात वही थांबेलच. ती चालू ठेवायचा अट्टहास करू नका, पण पूर्ण सोडूही नका: आठवड्याला एक ओळ, तारीख आणि एक जागा. नंतर मागच्या तीन आठवड्यांच्या नोंदी आठवून भरायला बसू नका. वही कायमची बंद पडते ती याच क्षणी, कारण उधारी एवढी वाढते की उघडायचीच भीती वाटते. कोरी राहिली ती पानं सोडून पुढच्या पानावर आजची तारीख घाला आणि हातात असलेल्या पुस्तकापासून लिहा.

नोंदी आखूड होत गेल्या तर पुस्तकाचा प्रकार बदलून पाहा: कादंबरीनंतर प्रवासवर्णन, त्यानंतर विज्ञानावरचं काहीतरी. लांबत गेल्या तर सारांश परत शिरलाय का ते तपासा. वर्गमित्राबरोबर एकच पुस्तक वाचत असाल तर दोघांनी आपापल्या नोंदी आधी पूर्ण करा आणि मगच बोला. आधी बोललं की दोन्ही वह्यांत एकच मत उतरतं, आणि ते बहुधा जास्त ठामपणे बोलणाऱ्याचं असतं.

वही भरली की नवीन वहीच्या पहिल्या पानावर जुनीतले न सुटलेले प्रश्न उतरवा, प्रत्येकापुढे जुन्या वहीचा पान क्रमांक. वीस असतील तर सगळे नको. अजूनही उत्तर हवंसं वाटतं, तेवढेच घ्या.